बत्तीशीची सख्खी बहीण

आमच्या लॅबमध्ये त्याला सगळे बत्तीशी म्हणतात. दातांचे डॉक्टर फोनवरसुद्धा "बत्तीशी आहे का जागेवर?" असंच विचारतात. कवळ्या करतो म्हणून हे नाव पडलं. स्वतः मात्र वर्षातून दोनदा हसणार, तेही तोंड मिटून. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसतेय. माझं काम फोन घेणं, डॉक्टरांकडून आलेल्या मापांवर चिठ्ठ्या चिकटवणं, तयार कवळ्या डब्यात भरून पाठवणं आणि दिवसभर बोलत राहणं. शेवटचं काम मला कुणी सांगितलेलं नाही. पण मी बोलले नसते तर त्या खोलीत घासायच्या यंत्राच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज ऐकू आला नसता.

तो मला काकू म्हणतो. माझ्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान, डोक्यावर औषधाला केस नाही, आणि म्हणे काकू! आधी मला राग यायचा. मग लक्षात आलं, कुणालाही नात्याने हाक मारायची संधी मिळाली की हा माणूस ती सोडत नाही. इस्त्रीवाला त्याचा मामा, मालक त्याचे आप्पा, नळ दुरुस्त करणारा भाऊ. खरं नातं विचाराल तर एकही नाही. कुठल्याशा दवाखान्याच्या पायरीवर सापडलेलं तान्हं पोर, अनाथाश्रमात वाढलं, आडनाव तिथल्या कारकुनाने दिलं. लग्न केलं नाही. मी दोन स्थळं सुचवली होती, तर म्हणाला, "काकू, त्यांनी घराणं विचारलं तर काय सांगू?" झालं, विषय संपला. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे राहतो. एक पलंग, एक खुर्ची, एक ताट. दुसऱ्या ताटाची कधी गरजच पडली नाही म्हणतो.

माझ्याकडे नातेवाईकांचा सुळसुळाट आहे. दीर, जावा, नणंदा, त्यांची पोरं, पोरांची पोरं. रविवार आला की माझ्या घराची धर्मशाळा होते. मी कुरकुरायला लागले की बत्तीशी हातातलं काम ठेवून ऐकत बसायचा. कोण कुणावर रुसलं, कुणाचं कुणाशी का बोलणं नाही, सगळं त्याला पाठ. माझ्या धाकट्या जावेचा स्वभाव त्याला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळला असेल.

त्याचं एक ठाम मत होतं. नातं चेहऱ्यात दिसत नाही, ते टाळूत दिसतं. आमच्याकडे मापं येतात, त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा पांढरा साचा काढतात. तो दोन साचे उचलायचा, चिठ्ठ्यांवर आडनावं निराळी, डॉक्टर निराळे, आणि म्हणायचा, "हे बहीण-भाऊ आहेत." मी म्हणायची, "काहीतरीच!" मग माझा मूळ स्वभाव कुठे जाणार, मी दोन्ही डॉक्टरांना फोन लावायची. निघायचे हो खरंच. बहिणीचं लग्न झालेलं, म्हणून आडनाव बदललेलं. असं नऊ वेळा झालं. चुकला एकदाही नाही. आणि एक गोष्ट तो माझ्याकडे पाठ करून करायचा. स्वतःच्या जबड्याचा साचा त्याने काढून ठेवला होता. नवीन साचा सुकला की तो आपल्या साच्याशेजारी ठेवायचा, जरा वेळ बघायचा आणि उचलून कामाला लागायचा. मला दिसत नाही असं त्याला वाटायचं. मला सगळं दिसायचं, पण ह्यावर मी कधी तोंड उघडलं नाही. बघा, मीसुद्धा गप्प बसू शकते.

अकरा वर्षांपूर्वी तो खूप आजारी पडला. रक्ताचा कॅन्सर. दवाखान्याच्या कागदावर 'जवळचे नातेवाईक' असा रकाना असतो, तिथे त्याने आमच्या लॅबचा फोन नंबर आणि 'काकू' एवढंच लिहिलं. नाव नाही, काही नाही. नर्सने फोन करून विचारलं, "काकू म्हणजे कोण?" म्हटलं, मीच. दर आठवड्याला जायची, काचेबाहेर उभी राहून हात हलवायची, आत सोडत नव्हते. आठ महिन्यांनी परत आला तो निम्मा होऊन. "दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घातलंय काकू," म्हणाला, "कुणाचं ते सांगत नाहीत." मी म्हटलं, "कुणाचं का असेना, चहा घे." एवढ्यावर आम्ही तो विषय मिटवला.

आता ह्या गोष्टीत माझा मूर्खपणा कुठे आहे ते सांगते, कारण तो लपवून काही उपयोग नाही.

माझ्या सुनेने पूर्वज शोधायची डीएनए चाचणी मागवली. एकावर एक फुकट होती. एक तिने स्वतः केली, दुसरी माझ्यापुढे धरली. म्हटलं, मला आहेत तेच पूर्वज जड झालेत, आणखी शोधून काय करू? आणि ती डबी मी बत्तीशीच्या टेबलावर नेऊन ठेवली. दोन दिवस त्याने तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत विचारलं, "ह्यात भाऊ-बहीण कळतात?" मी म्हटलं, "त्यांनीही चाचणी केली असेल तर कळतात म्हणे." मग बसला नळी घेऊन. जन्म गेला लोकांच्या तोंडात हात घालण्यात, आणि स्वतःची एवढीशी लाळ भरायला त्याला अर्धा तास लागला. तोंड कोरडं पडलं होतं बिचाऱ्याचं.

फॉर्म मोबाइलवर भरायचा होता. ते त्याला जमत नाही, म्हणून मी भरला. पंचवीसेक प्रश्न होते. हा आजार आहे का, तो आहे का, हे झालंय का, ते केलंय का. कोण वाचतंय! मी आपली सगळीकडे 'नाही, नाही' करत बोट दाबत गेले. सतराव्या प्रश्नाला थांबायला हवं होतं. थांबले नाही.

दीड महिन्याने निकाल आला. रंगीत नकाशा, त्यावर बाणच बाण. इतके टक्के डोंगराकडचे, इतके टक्के समुद्राकाठचे. आईची आई, तिची आई, असं मागे मागे हजारो वर्षं कोण कुठून चालत आलं त्याची रेघ. त्याने मला ते छापून आणायला लावलं आणि यंत्राच्या वर भिंतीला चिकटवलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखे टक्के पाठ करत होता. त्या रविवारी सकाळच्या बसने तो एकटा समुद्रावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा! "गुडघ्यापर्यंत आत गेलो काकू," म्हणाला, "भीतीच नाही वाटली. ओळखीचं वाटलं पाणी." मला हसू आलं, आणि मग मी उगाचच डब्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ करत बसले.

आणि नातेवाईकांच्या यादीत सगळ्यात वर एक बाई होती. त्या नावासमोर लिहिलं होतं, 'सख्खं भावंड'.

मी तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्याने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. "काकू, जरा थांबा," म्हणाला.

संध्याकाळी तिचाच निरोप आला. 'तुम्ही कोण आहात? मला एकच भाऊ होता, तो वारला. हे कसं काय?' पुढचे निरोप मीच लिहिले, तो सांगायचा. अनाथाश्रम सांगितलं, दवाखान्याची पायरी सांगितली. मग चार दिवस काही नाही. त्या चार दिवसांत बत्तीशीने एका डॉक्टरांची वरची कवळी दुसऱ्यांच्या डब्यात घातली, दोन्ही पेशंटांनी बोंब मारली, आणि शिव्या कुणी खाल्ल्या? मी. पाचव्या दिवशी तिचा फोन आला, ती स्वतः येते म्हणून.

बाई पंचावन्नच्या आसपासची होती. लिफ्टच्या कंपनीत लोकांच्या तक्रारी घ्यायचं काम करायची, त्यामुळे आवाज शांत, कुणी कितीही ओरडलं तरी न चढणारा. दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा म्हणू?" आमचा शहाणा काय म्हणाला असेल? "आधी माप घेऊ का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण ती हसली आणि खुर्चीत बसली, तोंड उघडलं. त्याने इतक्या हलक्या हाताने माप घेतलं, मी एकोणीस वर्षांत असं बघितलं नव्हतं. मग वाटीत प्लास्टर कालवायला घेतलं, आणि ती बोलायला लागली. "आईशी भांडले मी," म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. म्हटलं, लग्नाआधी मूल झालं असेल, टाकलं असेल, पण मला निदान आता तरी सांग. शपथा घेते, रडते, नाही म्हणते. कागदावर आलंय तरी नाही म्हणते! आता मी बोलतच नाही तिच्याशी. ताट वाढते आणि माझ्या खोलीत जाते." मग मोबाइलमध्ये तिने भावाचा फोटो काढला. मोठ्याने हसत होता, पुढच्या दोन दातांत फट. तिच्याही होती. "ह्याला तू फार आवडला असतास दादा. लोकांसाठी मरायचा. वर्षातून तीनदा रक्त द्यायचा. एकदा तर एका कॅन्सरच्या पेशंटला हाडातलंसुद्धा काहीतरी दिलं. ओळख ना पाळख! चार दिवस कंबर धरून चालत होता. अकरा वर्षं झाली त्याला."

बत्तीशी ढवळायचा थांबला. ती पुढे बोलत होती, भाऊ त्यानंतर दोन वर्षांनी रस्त्यावर गाडीखाली कसा गेला ते सांगत होती. मी बत्तीशीच्या हातातली वाटी बघत होते. प्लास्टर दोन-चार मिनिटांत आवळतं, त्याच्या आत ओतावं लागतं. त्याने ओतलंच नाही. चमचा तसाच त्यात घट्ट रुतून बसला. ती गेल्यावरही तो ती वाटी धरून बसला होता.

रात्री घरी जाऊन त्याने दवाखान्याची फाइल काढली, सकाळी माझ्यापुढे ठेवली. तो ज्याला रक्त म्हणाला होता ते कुणाच्या तरी हाडातून काढलेलं होतं, आणि ते चढवल्याची तारीख होती. तिने सांगितलेलंच वर्ष. मी चाचणीवाल्यांना फोन लावला. तिथली मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "ज्यांना दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, दिलेली असते त्यांच्या लाळेत देणाऱ्याचाच डीएनए सापडू शकतो. म्हणून तर आम्ही फॉर्ममध्ये विचारतो. सतरावा प्रश्न." मी फोन ठेवला. डोंगर त्या मेलेल्या भावाचे, समुद्र त्याचा, हजारो वर्षांची ती आयांची रेघ त्याची, बहीणही त्याची. बत्तीशीचं त्यात काहीच नव्हतं. कर्म माझं! एक बोट जरा थांबलं असतं तर.

त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मग मी एक गोष्ट केली, ती चांगली की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्याला म्हटलं, "हाताची घडी, तोंडावर बोट. काही सांगू नकोस. तिला भाऊ हवाय, तुला बहीण हवीय. कुणाचं काय बिघडतं?" तो म्हणाला, "म्हातारीचं बिघडतं." मी म्हटलं, "म्हातारी आज आहे, उद्या नाही." एवढं कठोर मी आयुष्यात कुणाबद्दल बोलले नसेन, पण त्याच्यासाठी बोलले.

पंधरा दिवस तो गप्प राहिला. ती रोज संध्याकाळी फोन करायची. दादा, जेवलास का? दादा, पाय दुखतो म्हणत होतास, डॉक्टरला दाखवलंस का? इकडे हा "हो, हो" करायचा आणि फोन ठेवल्यावरही कानाशी तसाच धरून ठेवायचा. त्याने दुसरं ताट विकत आणलं. हे मला इस्त्रीवाल्याने सांगितलं. ती एका रविवारी येणार होती म्हणे जेवायला.

शुक्रवारी तिने फोनवर सहज सांगितलं, आई दोन दिवस जेवलेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून आहे आणि एकच म्हणते, मी माझं मूल टाकणारी बाई नाही.

बत्तीशीने फोन ठेवला. मग मला म्हणाला, "काकू, सत्तावन्न वर्षांनी मला आई सापडली होती. अजून तिच्यावर रागवूनसुद्धा झालं नव्हतं माझं." आणि त्याने तिला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बोलावलं. मी म्हटलं, "मी बाहेर जाते." तर म्हणाला, "नका जाऊ. मला एकट्याला नाही जमणार."

त्याने फाइल तिच्यापुढे उघडली आणि सरळ सांगितलं. वळसे नाहीत, प्रस्तावना नाही. तुझा भाऊ नाही मी. तुझ्या भावाने ज्याला दिलं, तो मी. आई खरं बोलतेय, आज घरी जाऊन तिच्या पाया पड. सतराव्या प्रश्नाचं मी सांगितलं, ते तरी मला सांगायलाच हवं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. तक्रारी ऐकायची सवयच होती तिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तोच, शांत.

"म्हणजे तुम्ही आहात तो," ती म्हणाली. पंधरा दिवस ती त्याला अरे-तुरे करत होती.

"हो."

"तो वाट बघत होता तुमची."

आम्हाला कळलं नाही. बत्तीशीने विचारलं, "माझी?"

"देणाऱ्याला नाव-पत्ता सांगत नाहीत. पण पेशंटला वाटलं तर निनावी चिठ्ठी लिहिता येते, ती दवाखाना पोचवतो. हे त्याला सांगितलं होतं त्यांनी. एकदा त्यांनी एवढंच कळवलं की माणूस जगलाय. त्या दिवशी त्याने सगळ्या गल्लीला चहा पाजला. मग चिठ्ठीची वाट बघायला लागला. आम्ही चेष्टा करायचो त्याची. तो म्हणायचा, अरे माझ्या रक्ताचा एक माणूस आहे कुठेतरी, कसा आहे ते नको कळायला? दर महिन्याला दवाखान्यात फोन करून विचारायचा, आलंय का काही माझ्यासाठी? दोन वर्षं. गेला त्या आठवड्यातसुद्धा केला होता." मग तिने पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का, चिठ्ठी लिहिता येते म्हणून?"

मला वाटलं, हा म्हणेल, नव्हतं सांगितलं. मी मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, एवढं एक खोटं बोल.

"सांगितलं होतं," बत्तीशी म्हणाला. "कागदही दिला होता. लिहिलं नाही मी. मला वाटलं, ना ओळख ना पाळख, त्याला काय पडलंय माझं."

तिने डोळे पुसले, पर्स उचलली. रागावली नव्हती ती, रागावली असती तर मी भांडले असते. "आईकडे जाते," म्हणाली. "तुम्ही तब्येतीला जपा." दारापर्यंत गेली, परत आली, त्याच्या मनगटावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली, आणि गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. तिला तरी काय बोलायचं असणार? एका भावाला दोनदा पोचवून आली होती ती.

त्या दिवशी ती गेल्यावर मी दार लावून घेतलं, यंत्र बंद केलं. म्हटलं, "तुझी काय चूक? तुला काय माहीत तो वाट बघतोय ते. आजारी माणूस तू, कसलं लिहिणं न् काय." मी बोलतच सुटले. मला दुसरं येतं काय?

तो खुर्चीत बसून स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. म्हणाला, "काकू, जन्मभर मी म्हणत आलो, माझं कुणी नाही. दोन वर्षं माझं एक माणूस होतं. रोज माझी वाट बघत होतं. आणि मी तिकडे खोलीत बसून होतो, माझं कुणी नाही म्हणत."

मी माझी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.